रिझर्व्हातला सुतार

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागले म्हणजे शहराला जवळ जवळ चिकटूनच मच्छे हे गाव लागते. एकेकाळी केवळ शेतीवर जगणाऱ्या या टापूत आज कारखान्यांच्या शेडी उभ्या आहेत. परंतु शेत असो की कारखाना, या मुलखाला आणखी एका धंद्याची ओळख पिढ्यान् पिढ्या आहे, आणि तो म्हणजे शिपाईगिरी. मराठा पलटणीचे शिक्षणकेंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे ‘रिझर्व्ह’ हा इंग्रजी शब्द या भागातील अक्षरशत्रू म्हातारीलाही समजावून सांगावा लागत नाही. नोकरीची वर्षे संपली, मुलगा घरी आला, त्याने नांगर धरला किंवा करवत हाती घेतली. तरी सरकारच्या कागदावरून त्याचे नाव पुसले गेलेले नाही, हाक आली की त्याला जावे लागेल, एवढा अर्थ तिला ठाऊक असतो. स्वतंत्र भारताने १९४९ साली प्रादेशिक सेना उभारली, तिचेही तत्त्व हेच: वर्षभर आपला धंदा करावा, ठराविक काळ गणवेष चढवावा आणि गरज पडेल तेव्हा हजर व्हावे.

अशा मनुष्याचे आयुष्य दुहेरी असते. त्याच्या हाताला दोन कसब ठाऊक असतात आणि त्याच्या घराला दोन चिंता. परंतु तो रणांगणावर पडला म्हणजे मागे उरलेले जग त्याच्या आयुष्याचा एकच भाग लक्षात ठेवते. तो शिपाई म्हणून मेला, म्हणून तो शिपाईच होता, असा हिशेब होतो. वस्तुतः त्याच्या आयुष्याचे बहुतेक दिवस रंध्याच्या, करवतीच्या, मोजपट्टीच्या संगतीत गेलेले असतात. या दुहेरी आयुष्याची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आणि त्याचे एक उत्तर पाहण्यासाठी मराठी बोलणाऱ्याच एका समाजाच्या मागोमाग समुद्रापलीकडे जावे लागते.

तो समाज म्हणजे बेने इस्राएल. कोकणच्या किनाऱ्यावर नौगावजवळ फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या स्त्रीपुरुषांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूच्या गावांत ते पसरले. ज्या गावी राहिले त्या गावावरून किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे त्यांनी घेतली. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. परंतु शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणातील लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, पोषाख मराठी, लग्नातील मेंदी आणि हळदही मराठी. मात्र शनिवार पाळणे, मुलाची सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत.

मुंबई शहर वाढू लागले तसे अठराव्या शतकापासून या समाजातील माणसे तिकडे गेली. घाणा मागे राहिला आणि दोन नवे धंदे हाती आले. एक बांधकामाचा आणि सुतारकीचा, दुसरा फलटणीचा. मुंबई इलाख्याच्या सैन्यात बेने इस्राएल शिपायांनी चांगले नाव मिळविले. त्यांतील सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर, हे म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले होते. तेथून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. ते मंदिर आज ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता ‘सॅम्युअल स्ट्रीट’ या नावाने ओळखला जातो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यात जातवार कंपन्यांची पद्धत रूढ झाली. एवढ्या लहान समाजाची स्वतंत्र कंपनी निघणे शक्यच नव्हते. त्यामुळे फलटणीची वाट हळूहळू अरुंद झाली. तरीही ती अजिबात बुजली नाही. स्वतंत्र भारताच्या नौदलात व्हाइस ॲडमिरलच्या पदापर्यंत पोहोचलेले बेंजामिन अब्राहम सॅमसन हे याच समाजातले. इतर पुष्कळांनी मात्र कचेरी, रेल्वे, गिरणी आणि कारखाना यांचा आश्रय केला, आणि काहींच्या हातात रंधा राहिला.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले. त्या वेळी भारतात बेने इस्राएल समाजाची संख्या सुमारे वीस हजार होती. भारतात त्यांचा कोणी छळ केला नव्हता. ते गेले ते भयाने नव्हे, तर प्रार्थनेत रोज ज्या भूमीचे नाव घेतले ती प्रत्यक्ष दिसू लागली म्हणून. आणि काही अंशी आप्त गेले म्हणूनही. तेथे येऊन वसण्याला हिब्रू भाषेत ‘अलिया’ म्हणतात; त्या शब्दाचा अर्थ ‘वर चढणे’ असा आहे. परंतु चढण खरोखरीच अवघड होती. पहिल्या वर्षांत नव्याने आलेल्यांची सोय तंबूंच्या आणि पत्र्याच्या वसाहतींत केली जाई. ज्यू एजन्सीकडून मिळणारी लोखंडी खाट हेच पुष्कळ घरांतील पहिले आणि काही काळ एकमेव सामान असे.

या वसाहतींत सुतार आला म्हणजे त्याचे काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पनवेलचा किंवा पेणचा सुतार सागवानावर वाढलेला. जमिनीवर बसावे, पायाच्या पंजांनी फळी धरावी आणि वाकसाने किंवा पटाशीने तिला वळण द्यावे, ही त्याची रीत. नव्या देशात लाकूड बहुतेक परदेशातून आलेले, पुष्कळदा मऊ पाइन किंवा प्लायवूड. काम उभ्याने, मेजावर, यंत्राच्या करवतीशेजारी. मापांची नावे हिब्रू, मुकादमाच्या शिव्या आणखी कोणत्या तरी भाषेतल्या. हात जाणता, पण तोंड मुके! तथापि सुतारकीला एक मोठा आधार असतो. काटकोन सगळ्या देशांत काटकोनच असतो. गुण्या लावून पाहिला की सांधा बरोबर आहे की नाही हे सांगायला दुभाषा लागत नाही. घरे झपाट्याने उभी राहात होती आणि प्रत्येक घराला दारे, खिडक्या, कपाटे, मुलांना झोपायला पलंग हवे होते. ज्या माणसाला स्वतःचे घर धड मिळाले नव्हते, त्याने दुसऱ्यांची घरे सजवावी, हा स्थलांतरित कारागिराचा सर्वत्रचा अनुभव आहे. बीरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी घरे थाटली गेली ती अशाच कष्टांवर.

सारेच गोड झाले असे मात्र नव्हे. काम देताना आणि वागणुकीत आपल्याला कमी लेखले जाते, अशी तक्रार घेऊन १९५१ साली बीरशेबा येथील भारतीयांनी निदर्शने केली, उपोषणे केली, आणि ‘आम्हांला परत भारतात पाठवा’ अशी मागणी केली. १९५२ साली त्यांतील काही कुटुंबे खरोखरीच परत आली. पुढे त्यांपैकी बहुतेक पुन्हा इस्राएलला गेली, हा भाग निराळा.

आता रिझर्व्हाचा विचार करू. १९४९ साली इस्राएलने सैन्यसेवेचा कायदा केला. योगायोग असा की, भारताची प्रादेशिक सेनाही त्याच वर्षीची. पण दोहोंत एक मोठा भेद होता. भारतात ही सेवा स्वेच्छेची, तेथे सक्तीची. त्या देशाची लोकसंख्या इतकी थोडी होती की, मोठे खडे सैन्य ठेवले तर शेते ओस पडावी आणि कारखाने बंद व्हावे. सैन्याचे त्या वेळचे प्रमुख यिगाएल यादीन, जे पुढे पुराणवस्तुसंशोधक म्हणून जगप्रसिद्ध झाले, त्यांच्या काळात स्वित्झर्लंडच्या धर्तीवर या व्यवस्थेची घडी बसविली गेली. खडे सैन्य लहान, आणि खरे बळ घरोघरच्या राखीव शिपायांत. चाळिशी ओलांडलेला संसारी मनुष्यही या यादीत असे. वर्षातून काही आठवडे त्याने आपल्या तुकडीत हजर व्हावयाचे. या सेवेला हिब्रूत ‘मिलुईम’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘भर घालणे’ असा अर्थ आहे. सुताराला तो समजण्यास अडचण पडू नये. सांध्यात फट राहिली तर तेथे पाचर मारून भर घालावी लागते. राष्ट्राच्या फटीत माणसांची भर घालावी लागते, इतकेच.

परंतु पाचर लाकडाची असते आणि भर घालणारा मनुष्य दुकानाचा मालक, कुणाचा बाप, कुणाचा नवरा असतो. पगारी नोकर रिझर्व्हावर गेला तर त्याची जागा कोणी तरी सांभाळतो. एकट्याने दुकान चालविणाऱ्या कारागिराचे तसे नसते. तो गेला की यंत्र थांबते. गिऱ्हाइकाचे कपाट अर्धे राहते, सरस सुकून जातो, लाकडाच्या व्यापाऱ्याची उधारी चढते. या तोट्याला कोठेही पदक नाही. राखीव सैन्याचा खरा खर्च अंदाजपत्रकात दिसतो त्याहून पुष्कळ अधिक असतो, आणि तो अशा लहान दुकानांच्या वहीत लिहिला जातो.

हाक कशी येई, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रत्येक तुकडीचे एक सांकेतिक नाव ठरलेले असे. निकड पडली की रेडिओवरून ती नावे वाचली जात. ऐकणाऱ्या इतरांना ते निरर्थक शब्द वाटावे. ज्याचे त्याला कळे. मग तो हत्यारे जागच्या जागी ठेवी आणि ठरलेल्या ठिकाणी जाई. १९६७ च्या मे महिन्यात अशा हाका एकामागून एक गेल्या. सुमारे तीन आठवडे हजारो राखीव शिपाई छावण्यांत बसून राहिले. शहरांतील बसगाड्या आणि पावाच्या गाड्यासुद्धा सैन्याने कामाला लावल्या आणि मागे राहिलेल्या शाळकरी मुलांनी टपाल वाटले. ५ जूनला युद्ध सुरू झाले आणि १० जूनला संपले. तेवढ्या सहा दिवसांत इस्राएलचे सातशेहून अधिक सैनिक पडले. १९७३ साली तर हाक आली ती वर्षातील सर्वांत पवित्र अशा उपासाच्या दिवशी, ६ ऑक्टोबरला. त्या दिवशी रेडिओही मूक असतो. दुपारी भोंगे वाजले, मूक रेडिओ बोलू लागला आणि प्रार्थनेच्या शाली खांद्यावर असलेली माणसे मंदिरांतून उठून गेली. त्या युद्धात अडीच हजारांहून अधिक इस्राएली सैनिक मारले गेले. इजिप्त आणि सीरिया यांच्या बाजूची हानी याहून कितीतरी मोठी होती. तिकडेही कोणी सुतार होता, कोणी शिंपी होता, आणि त्यांच्याही दुकानांना कुलपे लागली. युद्धाचा निवाडा इतिहासाने करावा. परंतु अर्ध्या राहिलेल्या कामाचे दुःख कोणत्याही एका बाजूचे नसते.

या सर्व कथेत एक गोष्ट विशेष बोचणारी आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने अशी सूचना काढली की, बेने इस्राएल समाजातील व्यक्तीचा विवाह इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शतकानुशतके कोकणात शनिवार पाळणाऱ्यांना ‘तुम्ही खरोखरीच ज्यू आहात काय?’ असे विचारले गेले! समाजाने दोन वर्षे झगडा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी पार्लमेंटने खास बैठक घेऊन या समाजाच्या समानतेची ग्वाही दिली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनीही तशीच भूमिका घेतली, आणि त्यानंतर धर्मपीठाने आपल्या सूचनेतून बेने इस्राएलांचा वेगळा उल्लेख काढून टाकला.

आता या दोन नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. एक विवाहाची आणि दुसरी सैन्याची. लग्नाच्या वहीने सुताराला विचारले, ‘तुझी आजी कोण? तिची आई कोण?’ सैन्याच्या वहीने विचारले ते त्याचे वय आणि त्याचा पत्ता. बंदूक हाती देताना कोणी वंशावळ मागितली नाही. नवरदेव म्हणून ज्याच्याविषयी शंका, शिपाई म्हणून तो निःशंक! हे वैगुण्य एकट्या त्या देशाचे आहे असे समजून स्वस्थ बसणे बरे नव्हे. पंगतीत दूर बसविलेल्याला आघाडीवर पुढे बसविण्याची रीत जगात फार जुनी आहे आणि आपल्याही देशाला ती अपरिचित नाही.

मरणानंतर मात्र त्या देशाने एक गोष्ट अशी केली की जिच्यापासून शिकावे. तेथील सैनिकी स्मशानांत सेनापतीचा दगड आणि साध्या शिपायाचा दगड एकसारखा असतो. आकार तोच, अक्षरे तीच. दगडावर नावाबरोबर आईचे आणि बापाचे नाव कोरतात. जन्म कोणत्या देशी झाला, कोणत्या साली येथे आला, कोठे पडला आणि वय किती होते, हे कोरतात. त्यामुळे मराठी घरातून गेलेल्या शिपायाच्या दगडावर हिब्रू अक्षरांत भारताचे नाव राहते. ज्या देशासाठी तो मेला त्या देशाने तो दुसऱ्या देशात जन्मला होता, हे लपविले नाही.

याखेरीज प्रत्येक मृत सैनिकाचे स्मृतिपान लिहिण्याची तेथे पद्धत आहे. १९४८ च्या युद्धानंतर ती सुरू झाली. संरक्षण खाते हे काम करते आणि त्या पानांना ‘यिझकोर’, म्हणजे ‘स्मरण असो’, असे म्हणतात. पान लहानसेच असते. परंतु त्यात पराक्रमाचे वर्णन शेवटी येते. आधी मनुष्य येतो. तो कोठे जन्मला, आईबापांचा कितवा मुलगा, कोणत्या बोटीने किंवा विमानाने आला, कोणता धंदा शिकला, मित्रांत कसा होता, घरी मागे कोण राहिले. राखीव शिपाई असेल तर त्याची सुतारकी, त्याचे दुकान, त्याच्या हाताची सफाई, यांनाही त्या पानात जागा मिळते. शेजाऱ्याच्या घरात त्याने केलेले कपाट अद्याप उभे आहे, हेही पराक्रमाइतकेच सांगण्याजोगे मानले जाते. अशा पानामुळे मेलेला मनुष्य पुन्हा जिवंत होत नाही, हे खरे. पण तो अर्धा विसरला जात नाही.

याच्या उलट आपल्याकडे काय झाले, ते पाहावे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडले तेव्हा जगलेले कैदेत गेले आणि त्यांतील पुष्कळ परत आले नाहीत. त्यांच्यासाठी बसऱ्याला जे स्मारक उभारले गेले, त्याच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली; साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक संख्या. २०२१ साली राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान आयोगाने आपल्या अहवालात ही विषमता उघडपणे मान्य केली. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या चावडीवर त्या युद्धाच्या आठवणीची संगमरवरी पाटी अजून दिसते. या गावातून इतके लढाईला गेले आणि त्यांपैकी इतके मेले, एवढाच तिचा मजकूर. इतके म्हणजे कोण? कुणबी होता की लोहार, कुणाच्या खांद्यावर नांगर होता आणि कुणाच्या हातात करवत, याचा पत्ता ती पाटी देत नाही. आकड्याला आई नसते आणि धंदाही नसतो.

बेने इस्राएल समाजातील आता थोडेच लोक भारतात उरले आहेत. जे गेले त्यांनी मराठी टाकली नाही. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले. शुभप्रसंगी एलियाहू हन्नावीच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा करण्याची कोकणातली चाल त्यांनी तिकडेही ठेवली. मातृभूमी आणि पितृभूमी यांच्यात निवड करावी लागली तेव्हा त्यांनी एक स्वीकारली, पण दुसरीला नाकारले नाही. सुताराच्या भाषेत सांगावयाचे तर दोन निराळ्या जातींच्या फळ्या एका सांध्यात बसविणे हे कौशल्याचे काम आहे. लाकूड सुकते, फुगते, तडकते. तरी सांधा नीट असेल तर टिकतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजूस असे घर क्वचितच सापडेल की ज्याच्या नात्यागोत्यात कोणी शिपाई नव्हता. त्यांतील पुष्कळांच्या घरी पेटीच्या तळाशी एखादे सेवापुस्तक, एखादे पदक, एखादे पिवळे पडलेले पत्र असते. त्याच घरात, बहुधा माळ्यावर, त्याचा रंधा किंवा कुळवाचा फाळ पडलेला असतो. पेटीतल्या वस्तू जपून ठेवल्या जातात, आणि माळ्यावरची वस्तू मोडीत जाते. प्रत्येक गावच्या शाळेने एक वही घातली आणि आपल्या गावच्या पडलेल्या शिपायांची एकेक पानाची हकीकत घरच्या वृद्धांकडून विचारून लिहून घेतली, तर त्याला सरकारी मंजुरी नको आणि खर्चही नको. नाव, आईचे नाव, बापाचे नाव, कोठे पडला, आणि त्याच ओळीत, तितक्याच ठळक अक्षरांत, त्याचा धंदा. सांगणारे वृद्ध आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.